एप्रिलची एकतीस तारीख

सरांच्या शोकसभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी ‘लोकाभिमुख’ हा शब्द वापरला. सर समोर असते तर पहिल्याच वक्त्याला मधे थांबवून त्यांनी विचारलं असतं, “लोक म्हणजे कोण? एकाचं नाव सांगा.”

हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. विद्यार्थ्याने फळ्यावर लिहिलं की अमुक टक्के बालकं कुपोषित आहेत, की सर मागच्या बाकावरून म्हणायचे, “त्यातल्या एकाचं नाव सांगा.” सेमिनारला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी एकदा हेच विचारलं होतं. पाहुणे हसले. सर हसले नाहीत, उत्तराची वाट बघत उभे राहिले. पाहुण्यांना चहाला न्यायची वेळ झाली तरी उभेच होते.

मी त्यांच्या हाताखाली अधिव्याख्याती म्हणून लागले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. विषयाचं नाव लांबलचक होतं, रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. सगळे पीएसएम म्हणत. मेडिकलची मुलं या तासाला झोपायची आणि त्यांनी झोपावं असंच कॉलेजला वाटत असावं, कारण वर्ग दुपारी दोनला ठेवलेला होता. मी अबोल, पुस्तकांत रमणारी. गावात रोग कसा पसरतो ते मला पानांच्या क्रमांकांसह पाठ होतं. पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, “पेठहून येणारी शेवटची एसटी किती वाजता?” मला माहीत नव्हतं. “मग तिकडे संध्याकाळी बाळंतीण अडली तर ती नाशकात कधी पोचते, हे तुम्ही कशावरून शिकवणार?”

दुपारचा डबा ते जुन्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून आणत. लस थंड ठेवायचा तो निळा, जाड भिंतींचा डबा. झाकणाची कडी तुटली म्हणून निर्लेखित झालेला तो त्यांनी रीतसर अर्ज करून घरी नेला होता. त्यात भाकरी, कांदा आणि ताकाची बाटली असे. “बघा, दुपारी तीनला ताक गार आहे,” ते नव्या मुलांना बाटली हातात देऊन सांगत. “आता दर वीस मिनिटांनी झाकण उघडा आणि उद्या मला सांगा.” मुलं नाक मुरडत. पण झाकण वारंवार उघडलं की काय होतं, हे त्या मुलांपैकी एकही विसरलं नसेल.

इंदिरानगरमधल्या त्यांच्या सोसायटीत त्यांच्याशी कुणी बोलत नसे. दर रविवारी सकाळी हे गृहस्थ बॅटरी घेऊन गच्चीवर चढायचे, पाण्याच्या टाक्यांची झाकणं उचलून बघायचे आणि जिन्यात कागद चिकटवायचे : ‘फ्लॅट सात, अळ्या चौदा. फ्लॅट नऊ, झाकणच नाही.’ फ्लॅट सातच्या वहिनी मला एकदा जिन्यात भेटल्या. “तुमचे सर ना? सांगा त्यांना, आम्ही काय मुद्दाम डास पाळलेत का?” मी निरोप दिला. सर म्हणाले, “मुद्दाम पाळले असते तर इतके जगले नसते.”

तोंडी परीक्षेत ते मुलांना हात धुवायला लावत. दुसरा प्रश्न असा : पेठकडे नागलीचं पीक घरात आलं की माणसं कुठे जातात? बाहेरगावचे परीक्षक वैतागत. हा काय वैद्यकाचा प्रश्न? सर उत्तर देत नसत. तो वैद्यकाचाच प्रश्न आहे, हे मला समजलं ते बाईंमुळे.

बाई म्हणजे पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या नर्सबाई. तिथल्याच डोंगरातल्या. त्या भागातलं आरोग्य केंद्र कितीतरी काळ डॉक्टरविना होतं. आमच्याकडे इंटर्न मुलं ढिगाने होती, त्यांना तीन महिने खेड्यात राहण्याची सक्ती होती आणि ती मुलं महिन्याचं मस्टर एका दिवसात भरून नाशकात क्लासला बसत. सरांनी दोन वर्षं खेटे घालून कॉलेज आणि आरोग्य खातं यांच्यात एक करार घडवून आणला. आमची मुलं त्या केंद्रात खरोखर राहतील आणि काम करतील. आणि तिथल्या नर्सबाई महिन्यातून एकदा कॉलेजात येऊन शिकवतील. पहिला अर्धा भाग कॉलेजला लगेच पटला. दुसरा भाग ऐकून डीन साहेब म्हणाले, “शिकायला येतील असं म्हणायचंय ना तुम्हाला?”

“नाही. शिकवायला.”

बाई पहिल्यांदा आल्या तो तास मला आठवतो. वर्ग भरलेला, कारण सरांनी हजेरी सक्तीची केली होती. बाई खडू न घेताच उभ्या राहिल्या. “मी सुया टोचायचं काम करते,” असं म्हणाल्या आणि मागे खसखस पिकली. कुणीतरी त्यांच्या हेलात ‘लय भारी’ म्हटलं. सर उठले, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले, तिथल्या मुलाच्या शेजारी बसले आणि आपली वही उघडून लिहून घ्यायला लागले. बाकीच्या वह्याही उघडल्या.

“तुमच्या पुस्तकात लिव्हलंय, आई अडानी हाय म्हनून पोराला डोस देत नाय,” बाई म्हणाल्या. “आई अडानी नाय. आई बागेत हाय. दिवाळी झाली का समदा पाडा दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागंत जातो. मी सुई घेऊन जाते तवा पाड्यावर दोन म्हाताऱ्या आन एक कुत्रं. मंग आम्ही लिव्हतो, लाभार्थी गैरहजर. लाभार्थी कुटं गैरहजर हाय? गैरहजर तं आम्ही हाय.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. कोणत्या पाड्याची कोणती कुटुंबं, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या गावच्या बागेत गेली, हे सगळं तिच्यात होतं. कुणी सांगितलेलं काम नव्हतं ते. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी त्या स्वतः बागांत जाऊन मुलांना शोधत आणि जी सापडत नसत त्यांच्यावर एप्रिलमध्ये, माणसं परत आली की, तुटून पडत. मी त्या विषयातली पदवी घेतलेली होती. माझ्याकडे असली वही नव्हती आणि असावी हे कधी सुचलंही नव्हतं.

तास संपल्यावर सर डीनना म्हणाले, “या बाईंचा तास परीक्षेला धरा.” डीन म्हणाले, “सर, पदवी काय त्यांची?” सर म्हणाले, “त्यांना हजार पोरं नावानिशी माहीत आहेत. तुम्हाला किती?”

त्या कराराची तीन वर्षं चांगली गेली. इतकी चांगली की काही मुलं खरोखर रात्री मुक्कामाला राहायची आणि बाईंना ‘मॅडम’ म्हणायची. मग तो एप्रिल आला.

आरोग्य केंद्रात लसीचा मोठा फ्रीज असतो आणि त्याच्या दारावर एक छापील तक्ता लावलेला असतो. सकाळ-संध्याकाळ फ्रीजचं तापमान बघून तक्त्यात लिहायचं, इतकंच काम. दोन ते आठच्या मधे आकडा असला की लस जिवंत. करारात हे काम आमच्या इंटर्न मुलांकडे होतं. सरांनीच दिलं होतं. शिस्त लागेल म्हणून. आणि महिन्याच्या शेवटी कॉलेजच्या जीपने जाऊन तो तक्ता तपासणं माझ्याकडे होतं.

मी एकोणतीस एप्रिलला गेले. उन्हं टळटळीत होती, ड्रायव्हरला परतायची घाई होती आणि केंद्रातल्या शिपायाने चहा आणून ठेवला होता. मी फ्रीजच्या दारावरचा तक्ता पाहिला. चार, पाच, चार, पाच, पाच, चार. सुंदर अक्षर. खाली ‘तपासले’ असं लिहून मी सही केली आणि चहा घेतला.

बाईंनी पुढच्या लसीकरणाच्या दिवशी केंद्रात येऊन तो तक्ता वाचला. त्या नेहमी वाचत. आकडे बरोबर, खाली कॉलेजची सही. त्यांनी गोवराची लस बर्फात घालून नेली आणि बागांतून परतलेल्या सगळ्या मुलांना टोचली. त्यांच्या वहीत एकही नाव उरलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर दोन पाड्यांवर गोवर उठला. लस घेतलेल्या मुलांना. त्यातली दोन मुलं गेली. एक मुलगी, एक मुलगा. सर दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने गेले, मला बरोबर घेऊन. पाड्यावर एका घरात ओटीवर बसलेल्या आईने लसीचं कार्ड बाईंसमोर धरलं. बाईंचीच सही होती त्यावर.

तिथून आम्ही केंद्रात आलो. सरांनी तक्ता काढून खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला. मग मला जवळ बोलावलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

छापील तक्त्यात एकतीस ओळी असतात. सगळ्या महिन्यांना तोच तक्ता. आमच्या मुलांनी एकतीसही ओळी भरल्या होत्या. एप्रिल एकतीस, सकाळी चार, संध्याकाळी पाच.

त्यांनी शिपायाला हाक मारली. “एप्रिलात लाइट गेली होती का?”

“गेल्ती ना साहेब. आपल्या लायनीची डीपी जळाली व्हती. गावात व्हती लाइट, हितंच नव्हती. आठ दिस.”

“आणि डॉक्टर लोक?”

“त्ये नाशकाला क्लासला. महिनाअखेरीला, मॅडम यायच्या आधी आले, बसून लिव्हलं समदं आन गेले.”

“तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“मला कोन विचारतंय साहेब?”

मी एकोणतीस तारखेला सही केली होती. तीस आणि एकतीस तारखांचं तापमान तेव्हाच तिथे लिहिलेलं होतं. मला ते दिसलं नव्हतं, कारण मी पाहिलंच नव्हतं. परतीच्या एसटीत घाटात त्यांनी डबा उघडला, ताकाची बाटली काढली आणि न पिता परत ठेवली.

पुढे जे झालं ते लिहायला मला फार वेळ लागतो आहे.

कॉलेजला हे प्रकरण बाईंवर ढकलायचं होतं. त्या इंटर्नपैकी एकाचे वडील संस्थेच्या जवळचे. डीननी सरांना बोलावून मसुदा पुढे केला : लस वाहून नेताना परिचारिकेने हलगर्जी केली, बर्फ वितळला. “खाली सही करा. तिला फार तर घरी बसवतील. एका नर्ससाठी तुम्ही कॉलेजचं नाव घालवणार?”

“कॉलेजचं त्या तालुक्यात जे काही नाव आहे ते त्या बाईंनी केलंय,” सर म्हणाले. “आपण फक्त पाटी लावली.”

चौकशी जिल्ह्याच्या एका कचेरीत झाली. समितीचे तीन अधिकारी, डीन, सर, आणि विभागाची कागदपत्रं घेऊन मी. बाईंनाही बोलावलं होतं. त्यांना खुर्ची दिली नव्हती. त्या दाराशी उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेऊन. सर आत आले, त्यांनी हे पाहिलं आणि तेही उभे राहिले. “बसा ना सर,” अध्यक्ष म्हणाले. “त्या बसल्या की बसतो.” मग एक स्टूल आणण्यात आलं.

सरांनी सरळ सांगितलं. तक्ता आमच्या मुलांच्या ताब्यात होता, त्यांनी तो न बघता भरला, बाईंनी नियमाप्रमाणे तो वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. चूक कॉलेजची. डीन खोकत होते. अध्यक्षांनी तक्ता हातात घेतला.

“ही तपासणीची सही कुणाची?”

“माझ्या विभागाची.”

“विभागाची म्हणजे? कुणाची?”

सरांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. त्यांनी तो हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मी फाइलची दोरी बांधत होते. बांधलेली सोडली आणि परत बांधली. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. हे कारण मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे.

ग्लास खाली ठेवून सर म्हणाले, “विभागप्रमुख मी आहे. माझी समजा.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे धावले. “सर, तुम्ही माझ्यासाठी...”

“मी तुमच्यासाठी काही केलेलं नाही,” ते न थांबता म्हणाले. “तुम्ही बोलाल म्हणून वेळ दिला होता. पूर्ण एक ग्लास पाणी.”

निकाल असा लागला. करार रद्द. इंटर्न मुलांना प्रमाणपत्रं वेळेवर मिळाली. बाईंची नोकरी वाचली, पण सेवापुस्तकात ताशेरा आणि बदली नांदगावकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे ना त्यांचा डोंगर, ना त्यांची बोली, ना त्यांच्या वहीतलं एकही घर. नाशकापासून पेठ पंचावन्न किलोमीटर. तेवढं अंतर सरांनी तीन वर्षांत जोडलं होतं आणि ते तीन ओळींच्या पत्राने तोडलं गेलं. सरांना विभागप्रमुखपदावरून काढून ग्रंथालयाची जुनी नियतकालिकं लावायला बसवलं. त्यांनी ती आठवडाभर लावली, नीट लावली, आणि राजीनामा दिला. सगळ्यात वाईट गोष्ट मला वाटते ती वेगळीच. त्यानंतर त्या केंद्रात अनेक वर्षं ना डॉक्टर आला, ना विद्यार्थी. फ्रीजच्या दारावर तक्ता मात्र होता आणि भरलेला होता.

सर त्यानंतर माझ्याशी बोलत असत. त्यांनी अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं. मी इंदिरानगरला गेले की ते चहा करून देत आणि विचारत, “सध्या काय वाचताय?” महिन्यातून एकदा ते एसटीने नांदगावकडे जात आणि बाईंच्या उपकेंद्रात त्यांच्याबरोबर दिवसभर फिरत. कॉलेजातल्यांना ही विक्षिप्तपणाची हद्द वाटे. “नर्सच्या मागे पिशवी धरून फिरतात म्हणे,” असं कुणीतरी स्टाफरूममध्ये म्हणालं आणि लोक हसले. मी पुस्तकात डोकं घातलं होतं. मी नेहमी पुस्तकात डोकं घालते.

ते गेले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीवर येऊन दोन वर्षं झाली होती. शोकसभेत त्याच डीननी, आता संस्थेचे सल्लागार, सांगितलं की ‘शिक्षण आणि सेवा यांची सांगड घालण्याचं सरांचं स्वप्न’ संस्था पुढे नेईल. महिन्याभरात माझ्या टेबलावर नव्या कराराची फाइल आली. हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर सरांचा फोटो. व्याख्यात्यांच्या यादीत सोळा नावं होती, सगळी डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची. मी एका परिचारिकेचं नाव सुचवलं. वरून प्रेमळ फोन आला : “मॅडम, मोठे पाहुणे येणारेत. जरा समजून घ्या.”

त्या दिवशी मी एक निवेदन लिहिलं. तक्त्यावरची सही माझी होती, बाईंच्या सेवापुस्तकातला ताशेरा काढावा. ते रीतसर वर पाठवलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की प्रकरण जुने असल्याने निवेदन दप्तरी दाखल करण्यात आले आहे.

मग मी पेठला गेले. बाई निवृत्त होऊन गावी परतल्या होत्या आणि नव्याने नेमलेल्या आशाताईंना शिकवायचं काम त्यांना मिळालं होतं. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या वरई निवडत होत्या. सूप थांबलं नाही.

“मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “दर महिन्याला तुमीच तं यायच्या सई कराया. दुसरं कोन आसनार?”

“तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“माझं कोन ऐकनार व्हतं? तुमचं ऐकलं आसतं.” त्यांनी खडा उचलून बाहेर फेकला. “तुमी बोलल्या आसत्या तं सर तिथंच शिकवत ऱ्हायले आसते. माझं काय, मी कुटंबी सुया टोचल्या.”

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला.

“मला सांगून काय उपेग, मॅडम? मला तं म्हाईतच व्हतं. ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांगा. मंगळवारी पोरी येत्यात.”

मंगळवारी शाळेच्या खोलीत पंधरा-वीस आशाताई सतरंजीवर बसल्या होत्या. बाईंनी माझी ओळख करून दिली : “या कॉलेजच्या मोठ्या मॅडम हायेत. चार्ट कसा भरू नाय ते सांगनार हायेत.” मी उभी राहून सांगितलं. डीपी, आठ दिवस, एकतीस एप्रिल, चहा, सही, दोन मुलं. मुलांची नावंही सांगितली. ती मला पाठ आहेत. चौकशी सांगितली, पाण्याचा ग्लास सांगितला. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते.

पुढच्या रांगेतल्या एकीने विचारलं, “मंग त्या चार्ट भरनाऱ्या डाक्टरांचं काय झालं?”

“पास झाले. आता त्यांचे दवाखाने आहेत.”

“आन तुमचं, म्याडम?”

“माझी बढती झाली.”

मग कोपऱ्यातली एक, कडेवर लेकरू असलेली, हसून म्हणाली, “म्हंजी आमचं चुकलं तं आमालाबी बढती भेटंल?”

सगळ्या खळखळून हसल्या. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

“नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला काढून टाकतील.”